गोळीला उपास नसतो

आपांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक तांबी अडकवलेली होती. तांबी म्हणजे तीच, पाळणा लांबवायला बायका गर्भपिशवीत बसवून घेतात ती. इंग्रजी टी अक्षरासारखी, पांढरी, दांडीवर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. तिच्या शेजारी दवाखान्याची किल्ली, औषधाच्या कपाटाची किल्ली आणि लुनाची किल्ली. अकोल्याच्या भाजीबाजारात आपा पैसे काढायला थैलीत हात घालायच्या, तर आधी हा जुडगाच बाहेर यायचा. भाजीवाली विचारायची, "आपा, हे काय होय?" झालं. मेथीची जुडी बाजूला राहायची आणि आपा तिथंच सुरू व्हायच्या. गिऱ्हाईक खोळंबायचं, पण गिऱ्हाईकही बाईच असायची, त्यामुळे तीही थैली खाली ठेवून ऐकत उभी राहायची.

आपा म्हणजे जठारपेठेतल्या आमच्या डॉक्टरीणबाई. सायकल दुकानाच्या वर दोन खोल्यांचा दवाखाना, चढायला अरुंद जिना. पाटीवर नाव होतं, पण अकोल्याच्या उन्हानं ते केव्हाच खाऊन टाकलं होतं, आणि कोणी नव्यानं रंगवलं नाही, कारण हिंदू-मुसलमान सगळ्याच बायका त्यांना आपा म्हणत. पन्नाशी उलटलेली, अंगानं आडव्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, ओढणी डोक्याला घट्ट आवळून लुनावर बसल्या की आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा बाजूला व्हायची. बोलणं अर्धं वऱ्हाडी, अर्धं उर्दू. आमच्या जुन्या बायका बोलतात तसं स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलत: मी येतो, मी पाहतो, मी सांगतो तुले.

त्यांच्या टेबलावर एक गर्भाशय होतं. कापडाचं. दवाखान्यांत भिंतीवर चित्रं असतात, पण आपांचं म्हणणं, चित्राला हात लावता येत नाही. म्हणून त्यांनी गादीवाल्याकडून जुन्या रजईच्या लाल कापडाची एक पिशवी शिवून घेतली होती, आत आपल्या वऱ्हाडातला कापूस ठासून. दोन्ही बाजूंना परकराच्या नाड्या म्हणजे नळ्या, आणि नाड्यांच्या टोकाला एकेक सुपारी, ती अंडाशयं. बायकांचं ऑपरेशन समजावायचं असलं की त्या नाडीला गाठ मारून दाखवत. तांबी समजावायची असली की किल्ल्यांसकट तांबी पिशवीच्या तोंडातून आत सरकवत आणि विचारत, "आता सांग, इथून काळजापर्यंत जायचा रस्ता कुठून हाये?" कारण त्या काळी आमच्याकडे पक्की समजूत होती की तांबी वर वर चढत जाते आणि एक दिवस काळजात रुतते. बाई पिशवी उलटीसुलटी करून बघायची. रस्ता काही सापडायचा नाही. माझ्या मुलीला दात येत होते तेव्हा तिनं त्यातली एक सुपारी चघळून चघळून पार ओली केली होती, आणि आपा म्हणाल्या होत्या, "चघळू दे, दुसरी हाये ना."

सासवांचा बंदोबस्त हे आपांचं आणखी एक काम. सुनेबरोबर सासू आत शिरायला लागली की आपा एक सूप पुढे करायच्या. "काकू, बसल्या बसल्या एवढा गहू निवडून द्या ना, माह्ये डोळे गेले आता." डॉक्टरीणबाईनं मान देऊन सांगितलेलं काम, नाही कोण म्हणणार? सासू बाहेरच्या बाकड्यावर खडे काढत बसायची आणि आत सून मोकळी. आपांच्या घरचा गहू अर्ध्या जठारपेठेतल्या सासवांनी निवडलेला असायचा, आणि आपा उजळ माथ्यानं सांगायच्या की त्यांच्या पोळीत कधी कच लागत नाही.

आत मात्र त्या कोणाला सोडत नसत. सगळं समजावून झालं की खुर्चीवरून उठायच्या, बाईला आपल्या खुर्चीत बसवायच्या आणि स्वतः स्टुलावर डोक्यावरून ओढणी घेऊन बसायच्या. "आता तू डॉक्टर अन् मी नवी नवरी. मले काही समजत नाही. सांग मले." मग सांगावंच लागायचं. चुकलं की नव्या नवरीचा आव आणून अशा काही शंका काढायच्या की बाईला घाम फुटायचा. "अंग माहेराहून आणलं ना तू?" त्या म्हणायच्या. "मंग त्याच्यात काय कुठं हाये हे तुलेच मालूम पाहिजे. सासूले काहून विचारून राहिली?"

आता माझं सांगते. माझ्याइतकी तयार विद्यार्थिनी आपांना मिळाली नसेल, कारण मी बी.एस्सी. होते आणि मला सगळं येतं अशी माझी खात्री होती.

मुलगी अकरा महिन्यांची होती. ती पोट फाडून झालेली, त्यामुळे तीन वर्षं तरी दुसरं नको असं मोठ्या दवाखान्यात बजावलं होतं. आमचे हे कृषी सहायक. ती वर्षं फार वाईट होती. गावोगाव पंचनामे, कधी पाऊस नाही म्हणून, कधी बोंडं सडली म्हणून, आणि कधी जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या घरी जावं लागायचं, जिथून परत आल्यावर हे चप्पल काढून पायरीवरच बसून राहत, आत येत नसत. कोणी पेढे आणले तरी आज गावात कुठे काही वाईट तर झालं नाही ना, हे विचारून खावे लागत, अशी हवा होती सगळीकडे. त्यातच माझा अमरावतीला बी.एड.ला नंबर लागला. आई अमरावतीलाच, मुलीला ती सांभाळणार होती. हेही म्हणाले, "तू जा. घरात एक तरी काम असं पाहिजे की जे पावसावर अवलंबून नाही." तेव्हा माझं सगळं त्या एका वर्षावर लागलेलं होतं. दिवस जायला नकोत, एवढंच.

आणि पाळी चुकली.

मी आपांकडे गेले तेव्हा सासूबाई बरोबर होत्या. त्यांच्या हातात सूप गेलं आणि मी मुलीला कडेवर घेऊन आत. मी गोळ्या घ्यायचे, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं दिलेल्या.

"गोळ्या घेतल्या का बरोबर?" आपांनी विचारलं.

"हो आपा, रोज."

"पाकिटं दाखव."

पर्समध्ये दोन्ही पाकिटं होतीच. त्यांनी ती उजेडाकडे धरली आणि बराच वेळ बघत राहिल्या. "हे मधीमधी दाणे काहून राहिले व?"

"ते सोमवार आहेत," मी म्हणाले.

"काय हाये?"

"श्रावणी सोमवार. आणि ही एकादशी. ही चतुर्थी. ही हरतालिका."

आपांनी चष्मा काढला. मला वाटलं, त्यांना नीट कळलं नसेल, म्हणून मी समजावून सांगितलं. उपासाच्या दिवशी आमच्याकडे नवराबायको लांब झोपतात. मग त्या दिवशी गोळी कशाला वाया घालवायची? आणि उपासाला गोळी चालते की नाही, तेही माहीत नव्हतं. सिस्टर म्हणाली होती रोज एक. रोज म्हणजे रोज हे मला कळत होतं, पण उपासाचा दिवस त्यात धरायचा असतो हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बी.एस्सी. झालेल्या बाईच्या.

"उपासाले काय काय खातं तू?"

"उसळ. भगर. शेंगदाण्याची आमटी. बटाट्याचा कीस."

"चहा?"

"चहा तर चालतोच."

"म्हंजे साबुदाण्याची परातभर उसळ चालते, अन् ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी चालत नाही."

"परातभर नाही आपा," मी म्हणाले. मला रडू येत होतं, आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता स्टूल धरून बसल्या. बाहेर सुपाचा आवाज थांबला, तेव्हा आपांनी "काकू, खडे नीट पाहाजा" म्हणून हाक दिली आणि परत हसल्या. मग त्यांनी पाकिटाची दुसरी बाजू पाहिली. "इथून पुढं तर सारंच भरेल हाये."

तिथून पुढे महालक्ष्म्या होत्या. आमच्याकडे महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात, तीन दिवस घरात शंभर माणसांचा राबता, त्यात सून बाहेरची होऊन कसं चालेल? मग दरवर्षी मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या येतात. गल्लीतल्या सगळ्याच घरांत येतात, मेडिकलवाला भाद्रपदात त्या पुढच्याच खणात काढून ठेवतो. मी म्हटलं, ह्याही पाळीच्याच गोळ्या आणि त्याही. दोन दोन कशाला घ्यायच्या? म्हणून रोजच्या बंद केल्या आणि महालक्ष्म्यांच्या सुरू केल्या. गौरी गेल्या, त्या गोळ्या थांबवल्या, आणि नंतर पाळीच आली नाही.

आपा हसल्या नाहीत. त्यांनी ती कापडाची पिशवी ओढली. "ऐक. तुह्या घरी कूलर हाये ना? टाकीत रोज पाणी टाकता. एक दिवस नाही टाकलं तर पंखा थांबते का? नाही. आवाज तोच येते, पंखा तसाच फिरते, म्हणून तुले वाटते चालू हाये. पन हवा गरम येऊन राहिली. ही गोळी तशीच हाये. ती त्या रातीपुरती नाही घ्यायची. रोज घेतली तर ही सुपारी अंडं सोडतच नाही. मधीमधी सोडली की सुपारीले वाटते, आता आपल्याले कोणी थांबवून नाही राहिलं." मग पिशवीच्या आत बोट घालून कापूस दाखवला. "अन् महालक्ष्म्यांची गोळी फक्त हे आतलं अस्तर धरून ठेवते, पडू देत नाही. थांबवली की चारसहा दिवसांत पडते. तिच्यावर भरोसा ठेवून नवऱ्याजवळ नाही जायचं. दोघी बहिणी नाहीत त्या."

लघवीची तपासणी केली. एकच रेघ आली. मी सुटकेचा श्वास घेतला तर त्यांनी हात वर केला. "आज नाही म्हणून राहिली म्हंजे नाहीच, असं नाही. लवकर पाहिलं तर खोटंही बोलते. आठ दिवसांनी परत ये."

"आणि असलं तर?"

"तवाचं तवा पाहू. तवाही रस्ते असतात, मी सांगीन तुले सारे. निवड तू करशील." मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अन् हे पाय, गलती तुही नाही. माही हाये. आमच्या बायांना रमजानमध्ये मी स्वतः सांगतो, गोळी रोजा सुटल्यावर घ्या. तुमच्या उपासात तर पाणी चालते, खाणं चालते, म्हणून मी कधी इचारलंच नाही. इतकी वर्षं." आपांसारखी डॉक्टर अशी बोलते हे मला नवीन होतं. ते ऐकून माझ्या जिवात जीव आला, पाळी आली नव्हती तरी.

ते आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. यांना सांगितलं तर हे पायरीवर बसले आणि म्हणाले, "आता?" मी म्हटलं, आता काही नाही, वाट बघायची. सासूबाई चांगल्या होत्या, पण त्यांच्या डोळ्यांत नातवाची आशा दिसायला लागली होती. स्वयंपाकघरात त्या माझ्या हातातलं भरलेलं भांडं काढून घ्यायच्या, आणि त्यांची ती माया बघून मला जास्तच धडकी भरायची.

त्यातच अमरावतीला मूळ कागद दाखवायची तारीख आली. जावं की नाही इथूनच प्रश्न होता. मुलीला सासूबाईंकडे ठेवलं आणि एस.टी.त बसले. मूर्तिजापूर येईपर्यंत कंबर दुखायला लागली. मला वाटलं, सीटमुळे. मग पोटात ती ओळखीची कळ आली. दर महिन्याला जिच्या नावानं मी बोटं मोडायचे, ती. गाडी स्टँडवर थांबली तशी मी खाली उतरून मुतारीकडे धावले, आणि बाहेर आले ती हसत. शेजारी उभी असलेली एक म्हातारी बघत होती. "काहून हासून राहिली व पोरी?" मी तिला काय सांगणार? मी म्हटलं, "पाळी आली, आजी." तिनं काहीही न विचारता आपल्या गाठोड्यातलं स्वच्छ धुतलेलं लुगड्याचं फडकं काढून माझ्या हातात दिलं.

स्टँडवरच्या एस.टी.डी. बूथवरून आपांना फोन लावला. "आपा, आली."

"खरंच?"

"आताच. मूर्तिजापूरला."

"मुबारक हो," आपा एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की बूथवाल्याला ऐकू गेलं. त्याला वाटलं, घरात कोणाला बाळ झालं. मी बाहेर आल्यावर म्हणाला, "ताई, पेढे पाहिजेत आता." मी त्याला खरोखर समोरच्या हॉटेलातून दोन पेढे आणून दिले आणि एक मी खाल्ला. त्या वर्षात मी कोणालाही न विचारता खाल्लेला तो पहिला पेढा.

पुढच्या रविवारी आपांचं फर्मान होतं, नवऱ्याला घेऊन ये. हे गेले नसते तर लुना घेऊन त्या आमच्या घरी आल्या असत्या, म्हणून हे गेले. खुर्चीच्या टोकावर बसले होते, हेल्मेट मांडीवर. आपांनी तांबीचा जुडगा सरळ त्यांच्या तळहातावर ठेवला. "घ्या जवाईबापू, भेऊ नका. गोळी, तांबी, इंजेक्शन, सारं हिच्या अंगात जाते, तर तुमाले मालूम पाहिजे की नाही?"

आणि मग दोघांना बसवून तासभर. गोळी कोणाला द्यायची नाही, अर्धशिशी असेल, बीपी असेल तर आधी बोलायचं. एखादी राहिली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची, लागोपाठ राहिल्या तर आठवडाभर निरोध वापरायचा. इंजेक्शन तीन महिन्यांचं, पण पाळी वेडीवाकडी होते, कधी येतच नाही, घाबरायचं नाही. मात्र बंद केल्यावर मूल राहायला वेळ लागतो. तांबीत औषध काही नाही, पण सुरुवातीला पाळी जास्त जाते, कळा येतात, म्हणून जिचं रक्त कमी तिनं आधी रक्त तपासायचं. नको झाली की काढता येते. हे ऐकत होते. शेवटी अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आपा, पुरुषाच्या ऑपरेशननं ताकद जाते म्हणतात?"

"तुमी शेतकऱ्याले सांगता ना, कोणती फवारणी कशावर हाये?"

"सांगतो."

"मंग तसंच. ऑपरेशन फक्त दोन बारीक नळ्यांवर हाये. ताकद त्या नळ्यांत राहत नाही. सायकलही चालवता येते चारसहा दिवसांनी. अन् लगेच मोकळं नाही सोडायचं. तीन महिने निरोध, मंग तपासणी, मंग मोकळे." हे हसले. त्या वर्षभरात मी त्यांना एवढं मोकळं हसताना बघितलं नव्हतं.

मी तांबी बसवून घेतली. दोन-तीन महिने त्रास झाला, पण तो होणार हे ठाऊक होतं, म्हणून घाबरले नाही. बी.एड. झाले, अमरावतीला शाळेत लागले, यांनीही बदली करून घेतली. चार वर्षांनी आम्हाला पाहिजे तेव्हा तांबी काढली आणि मुलगा झाला. त्यानंतरचं ऑपरेशन यांनी करून घेतलं, आणि ऑफिसातल्या लोकांना स्वतः सांगितलं. दोघाजणांनी त्यांना गुपचूप बाजूला घेऊन आपांचा पत्ता विचारला.

पण खरा बदल आपांच्या दवाखान्यात झाला. मी एकदा अकोल्याला आले तेव्हा भेटायला गेले, तर भिंतीवर तिथी-सणांचं मोठं कॅलेंडर लटकत होतं, आणि आपा एका नव्या बाईला पाळी विचारायच्या आधी विचारत होत्या, "उपास कोणते करतं?" बाई गोंधळली. मुसलमान डॉक्टरला आपल्या उपासांचं काय पडलंय? आपा बोटांवर मोजत राहिल्या. सोमवार? चतुर्थी? एकादशी? गुरुवार? हरतालिकेला पाणी पण नाही ना, मग रात्री चंद्र पाहून सोड अन् गोळी घे... "आपा, हरतालिकेला चंद्र नसतो, तो चतुर्थीला," मी मध्येच म्हटलं. "तू गप," आपा म्हणाल्या. "गोळीला उपास नसतो, एवढं पाठ केलं तरी पुरे." मग त्या बाईला आपल्या खुर्चीत बसवून स्वतः नवी नवरी झाल्या.

आपा गेल्या. त्यांच्या दवाखान्याच्या जागी आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मला कळलं तेव्हा मातीला पोचायची वेळ टळून गेली होती. त्याचं वाईट वाटतं, अजून वाटतं.

गेल्या वर्षी मुलीबरोबर अमरावतीतल्या एका दवाखान्यात गेले होते. तिचं लग्न झालंय, आताच मूल नको आहे, आणि तिला माझी सोबत हवी होती. डॉक्टर तरुण, मुलीच्याच वयाची. कॉम्प्युटरवर नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि मान वर न करता विचारलं, "उपास कोणते करता?"

मी विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"शिकवलं नाही कोणी, आमच्याकडे सगळेच विचारतात," ती म्हणाली. "बायका उपासाला गोळी सोडतात ना, म्हणून. का विचारलंत?"

आपांचं नाव सांगून तिला काय कळणार होतं? मी "सहजच" म्हणाले. मुलगी मात्र लगेच म्हणाली, "चतुर्थी करते. पण गोळी मी घेईन त्या दिवशी. उसळ चालते तर गोळी का नाही चालणार?"

डॉक्टर हसली. "तुम्हाला बरं माहीत आहे."

"लहानपणी पाठ झालंय," मुलगी म्हणाली. तिला काय माहीत, गोळीला उपास नसतो हे ठरलं तेव्हा ही बाई त्याच खोलीत, माझ्या मांडीवर बसून आपांची सुपारी चघळत होती.